'टाउनशिप अँड व्हिलेज एंटरप्राइझेस'ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा:
मी एमएच्या मुलांना चीनची अर्थव्यवस्था शिकवते, मुलं बरीचशी मराठी माध्यमातली त्यामुळे नोट्स मराठीत द्याव्या लागतात, आणि माझं स्वतःचं संशोधनही १९७८ नंतरच्या चीनमधल्या ग्रामीण कारखान्यांवरच चालू आहे. या कारखान्यांना चिनीत श्यांगचेन छीये म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत टाउनशिप अँड व्हिलेज एंटरप्राइझेस, थोडक्यात टीव्हीई. टाउनशिप शब्द तसाच ठेवला तर मुलांच्या डोळ्यासमोर पुण्याच्या कडेच्या मोठमोठ्या सोसायट्या येतात. 'ग्रामोद्योग' लिहिलं तर पेपरात मध, अगरबत्ती, हातकागद असं उत्तर येतं. त्यात मुलांचं काही चुकत नाही, खादी ग्रामोद्योगामुळे आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थच तेवढा झालाय. पण चीनमधले हे कारखाने सिमेंट, खत, विटा, शेतीची यंत्रं बनवायचे, पुढे कापड आणि विजेचं सामानसुद्धा. १९७८ ला त्यात २.८ कोटींच्या आसपास माणसं होती, १९९६ ला साडेतेरा कोटी. एवढ्या मोठ्या गोष्टीला धड मराठी नाव हवं. सुचवा प्लीज.

गावाकडचा:
टाउनशिप म्हणजे तिथला नक्की कुठला स्तर? आपल्या तालुक्याच्या खाली महसूल मंडळ असतं, त्याच्यासारखं काही असेल तर 'मंडळ-ग्राम उद्योग' चालेल का?

खडूफळा:
काउंटीच्या खालचा आणि गावाच्या वरचा, म्हणजे जागा तुम्ही म्हणता तीच. पण मंडळ म्हटलं की लोकांना आधी गणपती मंडळ आठवणार, आणि खरा फरक वेगळाच आहे, आपल्या महसूल मंडळाला स्वतःची तिजोरी नसते. श्यांगला, म्हणजे तिथल्या टाउनशिपला, स्वतःचं सरकार असतं, तिजोरी असते. आधी तिथे कम्यून होते, म्हणजे अनेक गावांची मिळून सामूहिक शेती, त्यांच्या खाली ब्रिगेड, म्हणजे साधारण एकेक गाव, कारखाने तेव्हाही होते आणि त्यांना कम्यून-ब्रिगेड उद्योग म्हणायचे. कम्यून मोडले, कम्यूनच्या जागी श्यांग आलं, आणि १९८४ ला या कारखान्यांचं नावही बदललं.

साखरपट्टा:
मॅडम मग सरळ 'सहकारी उद्योग' म्हणा ना. आमच्याकडे प्रवरानगरपासून पुढे बरेच साखर कारखाने शेतकऱ्यांच्या मालकीचे उभे राहिले, गावाकडचा कारखाना आणि मालक गावकरी, म्हणजे तीच तर गोष्ट झाली. वर्गात पण लगेच कळेल.

खडूफळा:
दादा, लगेच कळेल पण चुकीचं कळेल, म्हणून मी हा शब्द टाळते. साखर कारखान्यात सभासदाच्या नावावर शेअर असतो, मत असतं, संचालक मंडळाची निवडणूक होते, ती कशी होते हा वेगळा विषय पण होते. टीव्हीईमध्ये गावकऱ्याच्या नावावर काहीच नसायचं. कारखाना 'सगळ्या गावाचा', गाव सोडून गेलात तर वाटा विकून पैसे घेऊन जाता येत नाही कारण वाटा असा नव्हताच, आणि मॅनेजर नेमायचं काम गावातले किंवा श्यांगचे पदाधिकारी करायचे. मार्टिन वाइट्झमन आणि छंगगांग शू या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये याला 'मालकी धूसर असलेली सहकारी संस्था' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, आणि त्यांचा प्रश्न हाच की मालकी इतकी धूसर असूनही हे कारखाने इतके जोरात चालले कसे. चिनीत सहकारी आणि सामूहिक असे दोन वेगळे शब्द आहेतच, आपल्याकडेही आहेत, मग मिसळायचे कशाला.

अनुवादवेडी:
तिजोरीचा मुद्दा जरा उलगडून सांगाल का? शब्द ठरवायला त्याचा उपयोग होईल असं वाटतंय.

खडूफळा:
हो, आणि हा भाग वर्गात शिकवायला मला सगळ्यात आवडतो. १९८० पासून चीनमध्ये केंद्राने प्रांतांशी महसुलाचे करार केले, ठरलेला हिस्सा वर द्या, उरलेला तुमचा, आणि तीच पद्धत खाली झिरपत गेली. त्याला चिनीत जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ 'वेगळ्या चुलीवर जेवणं'. मराठी मुलांना हे समजावायला एक वाक्य पण लागत नाही, वेगळी चूल मांडली म्हणजे काय हे प्रत्येकाला घरातून माहीत असतं. आता चूल वेगळी झाली की सरपण तुमचं तुम्ही आणायचं, शाळा, रस्ते, पगार सगळं त्यातूनच, म्हणून श्यांगचे अधिकारी स्वतः कारखान्यासाठी कर्ज मिळवायला, कच्चा माल शोधायला धावायचे. आणि कारखाना बुडाला तर श्यांगकडे केंद्रासारखा अमर्याद पैसा नव्हता, त्यामुळे तोटा फार वर्षं झाकता येत नव्हता. सरकारी कंपन्यांना ही भीती तेवढी नव्हती.

अनुवादवेडी:
वा! मग 'सरकारी' पण नाही आणि 'सहकारी' पण नाही. 'गावमालकीचे उद्योग' कसं वाटतं? बोलायला सोपं आहे.

गावाकडचा:
छान आहे. पण सगळेच गावमालकीचे होते का?

खडूफळा:
तिथेच अडतं. दक्षिण च्यांगसूमध्ये, म्हणजे सूचौ, वूशी, चांगचौ या भागात, बहुतांश खरोखर गाव-श्यांगच्या मालकीचे. चच्यांग प्रांतातल्या वनचौमध्ये मात्र घराघरातून चालणारे खासगी धंदे. खासगी धंद्यात सातपेक्षा जास्त नोकर ठेवायला नियमात जागा नव्हती, राज्यघटनेत खासगी क्षेत्राला मान्यता १९८८ ला मिळाली, तोपर्यंत आणि नंतरही बरेच जण सामूहिक म्हणून नोंदणी करून घ्यायचे, त्याला 'लाल टोपी घालणं' म्हणायचे. आणि सरकारी आकडेवारीत टीव्हीई म्हणजे गावात असलेला उद्योग, मालक कोणीही असो. याशंग ह्वांग या अर्थतज्ज्ञाने यावरच बोट ठेवलं, १९८५ च्या १.२ कोटी टीव्हीईंपैकी सुमारे १ कोटी खासगीच होते. कामगार मात्र सामूहिक कारखान्यांत जास्त, कारण ते आकाराने मोठे. म्हणजे संख्या मोजली तर एक चित्र, माणसं मोजली तर दुसरं. गावमालकी हे नाव सगळ्यांना लावलं तर या एक कोटींना आपणच लाल टोपी घातल्यासारखं होईल.

साखरपट्टा:
पटलं मॅडम. मग दोन शब्द ठेवा. सगळ्यांसाठी 'गावपातळीवरचे उद्योग' आणि त्यातले च्यांगसूवाले तेवढे 'गावमालकीचे'.

खडूफळा:
हे मस्त आहे. 'गावपातळीवरचे' मध्ये श्यांग येतं का अशी शंका होती पण 'गाव-श्यांग उद्योग' असं लिहून श्यांग एकदा समजावून सांगितलं की झालं, कम्यून शब्द नाही का आपण तसाच घेतला. तर नोट्समध्ये असं टाकते: गाव-श्यांग उद्योग हे सगळ्यांचं नाव, त्यातले गावमालकीचे आणि खासगी असे दोन भाग, आणि जिथे आकडा देईन तिथे कुठला भाग ते लिहायचंच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावमालकीचे कारखाने बहुतेक मॅनेजरांनाच विकले गेले, तो धडा पुढच्या आठवड्यात आहे. त्या विक्रीला चिनीत 'व्यवस्था बदलणं' म्हणतात, खासगीकरण शब्द मुद्दाम टाळलेला, तर तिथे मराठीत सरळ 'खासगीकरण' लिहावं की त्यांचा शब्द ठेवावा, यावर पण सांगा कोणीतरी.