फ्लटर आणि फिब्रिलेशन एकच नव्हे

फ्लटर नि फिब्रिलेशन हे हृदयाचा ताल बिघडण्याचे दोन प्रकार. वर कुणीतरी विचारलंय की दोन्हीत ठोके वाढतात, मग एकाला लगेच अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातली करंटची चुकीची वाट बंद करणं) नि दुसऱ्याला आधी गोळ्या असं का. आमच्या बाबांना आधी एक झालं, दोन वर्षांनी दुसरं, म्हणून लिहितोय.

फ्लटर म्हणजे आमच्या वाडीतला रहाट, एकाच वाटेने गरागरा फिरणारा. सहसा उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, करंट गोल फिरत राहतो, मिनिटाला साधारण 300 वेळा, पण खालच्या कप्प्यांत बहुतेकदा निम्मेच पोचतात म्हणून नाडी 150 च्या आसपास अडकून बसते. बाबा पडवीत बसून होते नि नाडी तीच, हलायला तयार नाही. वाट ठरलेली असल्यामुळे तिथे अ‍ॅब्लेशन केलं की बहुतेकांचं काम होतं.

फिब्रिलेशन म्हणजे मिरकरवाड्याचा मासळी लिलाव, सगळे एकदम ओरडतायत. नाडीला ताल नाहीच, मधेच दोन ठोके घाईत नि मग एक गायब. इथे सहसा आधी गोळ्यांनी वेग आवरतात किंवा ताल परत आणायला बघतात, शॉकही देतात, आणि अ‍ॅब्लेशन फुफ्फुसाच्या शिरांभोवती करतात, ते कधीकधी परत करावं लागतं.

गुठळी होऊन पॅरालिसिसचा धोका मात्र दोन्हीत, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी धडधड थांबली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका हां. बाबांना वॉरफरिन ही अशीच गोळी होती, श्रावणात आईने अळूचं फदफदं रोज लावलं आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) खाली आला, डॉक्टर म्हणाले पालेभाजी खा, पण प्रमाण रोज सारखं ठेवा.