मदत हवी आहे : बर्फ वितळल्यावर पातळी कधी खाली जाते, कधी वर येते, असे का?

नमस्कार. नववीच्या वर्गाला आर्किमिडीजचे तत्त्व प्रयोगातून दाखवावे, या हेतूने काचेच्या उभट भांड्यात (तळाचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटिमीटर) एक लिटर पाणी घेऊन त्यात 100 ग्रॅम बर्फ सोडला आणि पातळीची खूण केली. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर त्याचे तेवढेच पाणी होते, त्यामुळे पातळी हलणार नाही, असे मुलांना आधीच सांगितले होते. प्रत्यक्षात शेवटचा तुकडा वितळला तेव्हा पातळी अर्धा मिलिमीटर खाली होती. मिठाच्या संपृक्त द्रावणात मात्र ती जवळपास तीन मिलिमीटर वर गेली. पहिला फरक मोजणीतला म्हणून सोडता येईल, दुसरा नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाला यांपैकी कोणते उत्तर लागू पडते, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

दोन्ही फरक खरे आहेत, पहिलाही सोडू नये. संपृक्त द्रावणाची घनता साधारण 1.2 असते, म्हणून 100 ग्रॅम बर्फाला तरंगण्यासाठी सुमारे 83 घन सेंटिमीटरच द्रावण बाजूला सारावे लागते. वितळून झालेले गोडे पाणी मात्र 100 घन सेंटिमीटर जागा घेते. उरलेले 17 आपल्या भांड्यात 3.3 मिलिमीटर होतात. आपल्याला थोडे कमी दिसले, कारण द्रावण थंड होऊन आकसलेही.

साध्या पाण्यात हे आकसणे तेवढे उरते. बर्फाला वितळण्यासाठी लागणारी उष्णता पाण्यातूनच मिळत असल्यामुळे 30 अंशांचे एक लिटर पाणी 20 अंशांच्या आसपास उतरते आणि एकूण आकारमान जवळजवळ तीन घन सेंटिमीटरने घटते, म्हणजे आपला अर्धा मिलिमीटर. भांडे झाकून ठेवा. पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला आले की पातळी मूळ खुणेवर येईल. पाठ्यपुस्तकातील विधान तापमान कायम धरून केलेले असते, आणि तसे ते सहसा लिहीत नाहीत.

समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे 1.025 असल्याने तेथे 100 ग्रॅम तरंगत्या बर्फामागे जेमतेम अडीच घन सेंटिमीटरची वाढ होते. ग्रीनलंडच्या जमिनीवरील हिमचादरीला हे गणित लागू नाही. तिचे सगळे पाणी समुद्रात नव्यानेच येईल आणि ती पूर्ण वितळल्यास पातळी सुमारे सात मीटर चढेल.

वर्गासाठी एक सूचना : मिठाच्या पाण्यात थंड गोडे पाणी वरच तरंगत राहून बर्फाला वेढते, त्यामुळे तो फार सावकाश वितळतो. तासिकेत प्रयोग संपवायचा असेल, तर बर्फ बारीक करून घ्यावा.