मदत हवी आहे: 12 पैकी 5 सौर पथदिवे मध्यरात्रीआधीच विझतात

वाडीकर: ग्रामपंचायतीचे 12 सौर दिवे. त्यातले 5 रोज रात्री साडेअकरा-बाराला बंद, बाकीचे पहाटेपर्यंत चालू. पॅनेल धुऊन झाले, वायरी ओढून बघितल्या. कंपनीवाला फोन उचलत नाही. नवरात्राच्या आत लावायचेत. कोणता पार्ट बदलू तेवढं सांगा.

मल्टीमीटर: पार्ट नंतर. पॅनेल किती वॅटचं, दिवा किती वॅटचा, बॅटरी कसली, किती जुनी? दिवा विझल्यावर बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट?

तिरपं_ऊन: सावली असणार. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी अख्ख्या पॅनेलचा करंट पडतो. सकाळी 9 ते दुपारी 3 सावली चालत नाही. तोंड दक्षिणेला, उतार 18-20 अंश.

वाडीकर: माळावर कसली सावली! पॅनेल 75, दिवा 18 वॅट. बॅटऱ्या नव्याच आहेत, मे महिन्यात बदलल्या.

मल्टीमीटर: बाराही, की त्या पाचच?

वाडीकर: त्या पाचच. म्हणून तर म्हणतोय, बॅटरीचा प्रश्न नाही.

कंदील_कोकणी: एमपीपीटी कंट्रोलर टाका, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज खेचणारा चार्जिंगचा डबा. विषय संपला.

मल्टीमीटर: कंदीलराव, 36 सेलचं पॅनेल साधारण 18 व्होल्टवर चालतं, 12 व्होल्टच्या बॅटरीला साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पुरतो. थोडी जास्त वीज मिळेल, पण ती साठवायची कशात? वाडीकर, बॅटरीवरचं स्टिकर जसंच्या तसं लिहा.

खांबवाला: पाया पण तपासा. 6 मीटरच्या खांबाला निदान मीटरभर खोल खड्डा हवा, फाउंडेशन बोल्ट साच्यात धरूनच काँक्रीट ओतायचं. नाहीतर बेसप्लेटची भोकं जुळत नाहीत.

तिरपं_ऊन: खांब उभेच आहेत हो!

वाडीकर: लिथियम आयन, 11.1 व्होल्ट, 20 एएच (अँपिअर-तास). दिवा विझल्यावर 11.4 आले. आधीची लेड-ॲसिड होती, 12 व्होल्ट 75 एएच. कंट्रोलर जुनाच.

मल्टीमीटर: सापडलं. ही 3 सेलची बॅटरी. पूर्ण भरली की 12.6, खरी रिकामी होते 9-10 च्या आसपास. तुमचा कंट्रोलर लेड-ॲसिडचा, तो 11.1 च्या आसपास दिवा तोडतो. म्हणजे निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच. दिव्याचा भार गेला की व्होल्टेज जरा वर येतो, म्हणून तुम्हाला 11.4 दिसले.

हिशेब करा: 11.1 गुणिले 20 म्हणजे 222 वॅट-तास, हाताला लागतात शंभर-एक. दिवा ड्रायव्हरसकट (दिव्याला करंट पुरवणारं सर्किट) 20 वॅट खातो. पाच तास! पावणेसातला लागलेला दिवा पावणेबाराला जाणारच. आणि पूर्ण 222 वापरले तरी 12 तासांना 240 लागतात. जुनी बॅटरी 900 ची होती.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. कंट्रोलर 14.4 पर्यंत चार्ज ढकलतो, या बॅटरीला 12.6 च्या वर चालत नाही. रोज फक्त आतला बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) चार्जिंग तोडून वाचवतोय. तो बिघडला तर बॅटरी पेट घेऊ शकते. पाचही दिव्यांच्या पॅनेलच्या वायरी आजच सोडवा.

कंदील_कोकणी: मग कट-ऑफ, म्हणजे दिवा तोडायचा व्होल्टेज, 9.6 वर सेट केला की झालं.

मल्टीमीटर: आणि चार्जिंगचे 14.4? ते तसेच राहतात.
लिथियम फेरो फॉस्फेट घ्या, 12.8 व्होल्ट, 42 एएच. साधारण 537 वॅट-तास, दोन रात्री जेमतेम. सोबत त्याच प्रकारचा कंट्रोलर. बिलावर व्होल्ट आणि एएच दोन्ही लिहून घ्या, नुसतं ‘लिथियम’ नको.

वाडीकर: उरलेल्या सातांचे कंट्रोलर पण बदलायचे?

मल्टीमीटर: त्यांच्या बॅटऱ्या लेड-ॲसिड आहेत तोवर हात लावू नका. या पाचांत काढताना आधी पॅनेल, मग दिवा, शेवटी बॅटरी. जोडताना उलट, बॅटरी पहिली.

खांबवाला: आणि बॅटरीच्या पेटीला चोरी-रोधक नट लावा. कुलूप पहारीने तुटतं.