माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर एमए करायचंय, कुठून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. समाजशास्त्र घेऊन बीए झाले, गेलं वर्षभर घरीच आहे. (पाच म्हशींचं शेणघाण, धार, डेअरीची किटली, याला आमच्यात ‘घरी असणं’ म्हणतात.)

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर आमच्या कापायला आलेल्या भातात हत्ती शिरला. पहाटे जाऊन बघतो तर चिखलात परातीएवढी पावलं, एकात पाणीही साठलेलं. आजी घरात गेली, करंडा घेऊन आली, एका पावलाला हळदकुंकू वाहिलं. “गणपती येऊन गेला,” म्हणाली. आणि तिथंच उभं राहून त्याच गणपतीला अशा शिव्या घातल्या की इथं लिहिता यायच्या नाहीत. बाबा तोवर मोबाईलवर फोटो काढत होते, पंचनाम्याला लागतात म्हणून. भरपाईचा अर्ज कन्नडमधून होता, तो मी भरला. गुंठे लिहिले, पोती लिहिली. कुंकू कुठल्या रकान्यात बसेना.

मला ते कुंकू आणि त्या शिव्या शिकायच्यात. हत्ती किती आणि कुठून येतात, हे बघणारे लोक आहेत, त्यांनी ते बघावं.

पण जायचं कुठं? मानववंशशास्त्राच्या एका विभागात फोन केला तर पहिला प्रश्न, “कुठल्या ट्राइबवर करणार?” वन्यजीववाल्या एकांना विचारलं तर, “बीएस्सी आहे का?” माझी म्हैस दोन्ही गोठ्यांच्या मधल्या बोळात उभी.

आत्ता डोळ्यासमोर आहेत ते असे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात मानववंशशास्त्र आहे, खानापुरात रेल्वेत बसलं की लोंढा-अळणावरवरून सरळ धारवाड. पुणे विद्यापीठातही आहे, मराठीत बोलता येईल हा मोठा आधार. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इंग्लंडात एक्सेटरला तर ‘अँथ्रोझूऑलॉजी’ नावाचंच एमए आहे, म्हणजे थेट माझाच विषय, पण ती फी बघून बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आणखी एक, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आमचं गाव आहे, तसा दाखला मिळतो. पुण्यात या विषयाला त्या दाखल्याचा कुणाला उपयोग झालाय का?

प्रतिसाद १

ताई, धागा आवडला. मी याच विषयात पीएचडी करतोय म्हणून थोडं लांबण लावतो.

एमएला विषयाचं नाव शोधत बसू नका. आपल्याकडे एमएत नातेसंबंध, अर्थव्यवस्था, धर्म, क्षेत्रकार्य असा पायाच शिकवतात आणि तो लागतोच. बघायचं ते एवढंच की प्रबंधिका स्वतःच्या विषयावर करू देतात का आणि गावात किती आठवडे राहू देतात. हे विभागप्रमुखांना नका विचारू, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा.

पीएचडीला मात्र विद्यापीठ नाही, माणूस बघायचा. राधिका गोविंदराजन सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आहेत, उत्तराखंडातल्या बकऱ्या, गायी, माकडं, डुकरं, अस्वलं यांच्याबरोबर जगणाऱ्या गावांवर त्यांचं काम आहे. ऑक्सफर्डच्या नयनिका माथूर यांनी हिमालयातले माणसं मारणारे बिबटे आणि त्याभोवतीचा सरकारी कारभार अभ्यासलाय. तुमचा तो रकान्यात न बसणारा अर्ज त्यांच्याच गल्लीतला आहे. बंगळुरूच्या नियास या संशोधन संस्थेत अनिंद्य सिन्हांनी माकडांवर वर्षानुवर्षं काम केलं, तिथं तुम्हाला ‘बीएस्सी का नाही’ असं हिणवतील असं वाटत नाही.

पैशाचं: अमेरिकेतल्या चांगल्या पीएचडीत बहुधा फी माफ आणि वर विद्यावेतन असतं, म्हणून तिथलं एमए विकत घेऊ नका. इंग्लंडातल्या एमएसाठी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, पण तिला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. इथंच राहून पीएचडी करायची तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती, महिना ३७,००० रुपये.

प्रतिसाद २

अगं पोरी, मी निपाणीचा. धारवाडच घे. कन्नड तुला येतंय, वनखात्याचे कागद कन्नडमध्ये, आणि तुझं शेतच तुझं फील्ड. पुण्यात बसून हत्ती कुठनं बघणार? सुगीत घरी नको का यायला? दाखल्याचं पुण्याला विभागात लेखी विचार, फोनवर कोण काय पण सांगतंय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, ‘दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा’ हे सुचलंच नव्हतं. सोमवारी धारवाडला जाऊन कँटीनमध्येच बसते.

काका, पुण्याचा फॉर्म पण भरून ठेवते हं, रागावू नका.

एकच शंका राहिली. प्राध्यापकांना पहिली मेल करताना आजीचा प्रसंग लिहावा, की ते पोरकट दिसेल? कुणी अशी मेल केली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आता धारेची वेळ झाली, रात्री बघते.