दोन एकर कोरडवाहू, घरात ज्वारी संपत आली, काय करावं?

प्रश्न: बीड जिल्ह्यातून लिहितोय. सोयाबीन ऐन फुलात असताना पावसानं दडी मारली, हाती काहीच नाही. केशरी कार्ड आहे पण धान्य मिळत नाही. आई-वडील, दोन लेकरं, एक गाय. रब्बीला काय पेरू?

उत्तर १: भाऊ, आधी घरच्या खाण्याचं बघा. परतीचा पाऊस झाला की मालदांडी ज्वारी पेरा, ओलीवर येते, भाकरी पण होते अन् गायीला कडबा पण, हरभऱ्याच्या काही ओळी टाका मधे. सगळं रान एकाच पिकात घालू नका, आम्ही ते करून बसलोय.

उत्तर २: केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आपल्या १४ जिल्ह्यांत धान्याऐवजी माणशी पैसे खात्यात येतात, २०२३ ला १५० रुपयांनी सुरू झालं. एवढ्यात महिना निघतो का सांगा! तरी आईच्या नावाचं खातं आधारला जोडलंय का बघा.

उत्तर ३: दादा, रोजगार हमीचं (रोहयो) काम तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या अन् तारखेची पोच घ्या, १५ दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता मागता येतो.

प्रश्नकर्ता: पोच कधी घेतलीच नव्हती ताई. उद्याच जातो.