डोंगराचा आकार टुंड्राला वाचवेल का?

दगडफूल
परवा एका चर्चेत कुणीतरी सहज म्हणून गेलं, "तापमान वाढलं की झाडं वर सरकणार, आणि माथ्यावरच्या टुंड्राला वर जायला जागाच नाही. संपला विषय." (झाडं वाढण्याची वरची सीमा म्हणजे वृक्षरेषा, आणि तिच्या वरचा बुटक्या रोपांचा थंड पट्टा म्हणजे टुंड्रा.) मला हे अजिबात पटत नाही. हा हिशेब डोंगर गुळगुळीत शंकूसारखा धरून केलेला आहे. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे खरं. पण वृक्षरेषेच्या वरचं बोटभर उंचीचं रोप त्या हवेत राहतच नाही. ते राहतं जमिनीला चिकटून, दगडाच्या आडोशाला.

कोलोरॅडोतला ट्रेल रिज रोड 3,700 मीटरच्या वर जातो. तिथे जूनअखेरीस मी एका धोंड्यापाशी बराच वेळ गुडघे टेकून बसले होते. वाऱ्याकडच्या बाजूला कोरडी, खडबडीत माती आणि त्यात मॉस कॅम्पियन या जमिनीसरपट वाढणाऱ्या रोपाची घट्ट हिरवी गादी, गुलाबी फुलांनी भरलेली. पलीकडे, दोन हातांवर, बर्फाचा मळकट तुकडा आणि त्याच्या कडेला ओल्या चिखलातून नुकतेच वर आलेले कोंब. एकीचा उन्हाळा ऐन भरात, दुसरीचा अजून सुरू व्हायचा होता.

हे सगळं वाऱ्याचं काम. हिवाळाभर तो धारेवरचं बर्फ उचलून आडोशाच्या खळग्यात नेऊन टाकतो. धारेवरची माती उघडी पडून गोठते. खळग्यातली माती मात्र जाड बर्फाखाली शून्याच्या आसपास राहते आणि तिच्यातले जिवाणू हिवाळ्यातही काम करतात. म्हणून तीच तापमानवाढ धारेवर दुष्काळ होऊन येते आणि खळग्यात लांबलेला उन्हाळा होऊन. आल्प्समध्ये शेरर आणि कॉर्नर यांनी औष्णिक कॅमेऱ्याने उतार तपासले. थोड्याशा अंतरात त्यांना तापमानाचा जो फरक दिसला, तो एरवी शेकडो मीटर चढल्यावर मिळतो. मग रोपाला शिखर कशाला गाठायला हवं? सोंडेला वळसा घालून उत्तरेच्या उतारावर गेलं तरी पुरे.

उत्तरवारा
निरीक्षण सुरेख आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. आडोसा म्हणजे सुटका नव्हे. तुमच्या त्या खळग्याचंच घ्या. अशा जागची खास रोपं, युरोपात जमिनीलगत पसरणारी सॅलिक्स हर्बेशिया नावाची बुटकी विलो वगैरे, टिकून आहेत ती बर्फ उशिरा वितळतं म्हणूनच. एवढ्या छोट्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचा निभाव लागत नाही. बर्फ लवकर गेलं की गवतं आत शिरतात आणि यांना झाकून टाकतात. शिवाय लवकर उघड्या पडलेल्या कळ्यांवर उशिराचं हिव पडतं, ते वेगळंच. तुम्ही ज्याला 'लांबलेला उन्हाळा' म्हणता, तो या रोपांच्या मुळावर येतो.

आणि 'वळसा घालून जाईल' म्हणता, पण त्या उतारावर आधीच कुणीतरी राहतंय. सगळ्यात थंड जागा मुळातच सगळ्यात कमी असतात. ज्यांना त्याच लागतात, त्यांनी जायचं कुठे?

मृण्मयी
डोंगर शंकूसारखा नसतो, या दगडफूलच्या मुद्द्याला आधार आहे. 2015 साली एल्सन आणि टिंगली यांनी जगातल्या 182 पर्वतरांगा तपासल्या. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश रांगांमध्ये उंचीबरोबर जमीन सतत कमी होत नाही, काही उंचीवर ती उलट वाढते.

उत्तरवारा
मधल्या उंचीवर असेल. पण टुंड्रा माथ्यावर आहे, आणि त्याच्या वर शेवटी आकाशच.

चांदणवाट
झाडांबद्दलही एक सांगायला हवं. 166 ठिकाणच्या वृक्षरेषांचा आढावा 2009 मध्ये आला, त्यात निम्म्याहून थोड्याच जास्त वर सरकलेल्या निघाल्या. बाकीच्या का थांबल्या? उभा कडा, हिमप्रपाताची वाट, दगडांची घसरण अशा ठिकाणी ऊब वाढली तरी झाड रुजायला माती नसते. उंचीच्या नकाशावर हे दिसत नाही.

दगडफूल
उत्तरवारा, खळग्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी सगळे खळगे एका मापाने मोजले, ते चुकलं. पण धोंड्यांच्या घसरणीबद्दल मी हटणार नाही. दगडांच्या पोकळ्यांत थंड हवा साचून राहते. अमेरिकन पिका, म्हणजे सशाचा छोटा नातेवाईक, उन्हाच्या कडाक्यात तिथेच शिरतो. 26 अंशांच्या वरच्या उन्हात अडकला तर काही तासांत मरू शकणारा हा प्राणी त्या गारव्यावरच तग धरून आहे. याला सुटका नाही तर काय म्हणायचं?

उत्तरवारा
मी त्याला मुदत म्हणेन. युरोपातल्या 302 शिखरांचा अभ्यास 2018 मध्ये आला. माथ्यांवर नव्या वनस्पती येण्याचा वेग 2007 ते 2016 या दशकात पन्नास वर्षांपूर्वीच्या पाचपट झालाय. संख्या वाढली म्हणून लोक खूश होतात, मला ते बघवत नाही. जुनी रोपं अजून उभी आहेत, कारण ती चिवट आहेत. मॉस कॅम्पियनची एखादी गादी तीनशे वर्षांहून जास्त जगू शकते. तुम्ही पाहिलेली गादी कदाचित पार वेगळ्या हवेत रुजली असेल. तिच्या आसपास यंदा रुजलेली रोपटी दिसली का?

दगडफूल
नाही, मी फुलंच बघत बसले. पुढच्या वेळी आधी रोपटी शोधेन, दोन्ही बाजूंना.

उत्तरवारा
आणि पलीकडचं बर्फ कोणत्या तारखेला संपतं तेही टिपून ठेवा.