नऊ खुंट्यांची चाचणी ‘नॉर्मल’, पण अम्माच्या बोटांतून दोरा सुटतोय

घरकुलची_पोर (सोलापूर)

माझी आई विडी कामगार. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, त्यामुळे मी तिला अम्मा म्हणते, इथेही तसंच लिहिते. वय एकसष्ट. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

दिवाळीपासून तिची छाट वाढली. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: ब्रँचमध्ये, म्हणजे विडी कंपनीच्या माल घेणाऱ्या केंद्रात, माल दिला की सैल, वाकड्या, तोंड नीट न दुमडलेल्या विड्या बाजूला काढतात. त्यांची मजुरी मिळत नाही, पान-तंबाखूचा हिशोब मात्र आपल्याच डोक्यावर. अम्माच्या मालाला आधी कुणी नाव ठेवायचं नाही. आता तंबाखूची चिमूट कमी-जास्त होते, दोरा गुंडाळताना सुटतो आणि तोंड दुमडताना “बोटाला कळतच नाही” म्हणते. रात्री हाताला मुंग्या येतात, उठून झटकत बसते. हे सगळं मला शेजारच्या काकूंकडून कळलं. घरात सांगितलं की आम्ही ‘काम सोड’ म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक.

एका दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीने टेबलावर छोटी पाटी ठेवली. नऊ भोकं, नऊ खुंट्या. एकेक उचलून भोकात घालायची, सगळ्या झाल्या की एकेक काढून परत ठेवायची, हातात स्टॉपवॉच. उजव्या हाताला २० सेकंद, डाव्यालाही जवळपास तेवढेच. “वयाच्या मानाने छान, नॉर्मल.” वर कॅल्शियमच्या गोळ्या. रिक्षात बसल्यावर अम्मा म्हणाली, “पेन्सिलीएवढ्या जाड खुंट्या होत्या त्या. त्यात काय अवघड?”

आता मला सांगा, जिने जन्मभर बोटांवर घर चालवलं तिला आणि बाकी सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवायचं का? नॉर्मल म्हणजे नक्की कुणाच्या मानाने? घरी काही तपासून बघता येतं का? ‘वय झालं, आराम करा’ असं लिहिणार असाल तर हजार विड्यांची मजुरी कोण देणार तेही लिहा.

हात_आणि_काम (मिरज)

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर हाताला रोजची कामं परत जमावीत म्हणून उपचार देणारी. अम्मांना बघितलेलं नाही, म्हणून निदान करत नाही. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

ही नाइन होल पेग टेस्ट. पक्षाघात, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांत हात किती मंदावला, उपचाराने किती सुधारला हे बघायला आम्ही ती रोज वापरतो. निरोगी प्रौढांना साधारण २० सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तक्ता या सर्वसाधारण लोकांचाच असतो. अम्मांचे हात पूर्वी याहून चपळ असतील तर आजचे २० सेकंद ही त्यांच्यासाठी घसरण आहे, आणि ती तक्त्यात दिसणारच नाही. जुना आकडा नसेल तर आम्ही दुसऱ्या हाताकडे बघतो. उजखोऱ्या माणसाचा उजवा हात सहसा थोडा पुढे असतो. इथे दोन्ही बरोबरीत आलेत, मला तिथेच शंका आली असती. अर्थात विडीला दोन्ही हात लागतात, शिवाय नस दबण्याचा त्रास पुष्कळदा दोन्हीकडे असतो, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवता येत नाही.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. चाचणीच्या वेळी डोळे उघडे होते. बोटांना कळेनासं झालं की डोळे त्यांची बाजू सावरून घेतात. एरिक मोबर्ग नावाच्या स्वीडिश हँड सर्जननी १९५८ मध्ये मांडलेली उचलण्याची चाचणी नेमकी यावर आहे. ती घरी करता येते. सेफ्टी पिन, शर्टाचं बटण, रुपया, किल्ली, छोटा नट असं काहीबाही पाटावर पसरा. एका हाताने एकेक उचलून वाटीत टाकायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. वेळ लिहाच, पण नजर बोटांवर ठेवा. अंगठा-तर्जनी बधिर असेल तर डोळे मिटल्यावर माणूस नकळत ती बोटं टाळतो आणि करंगळी-अनामिकेने चाचपडायला लागतो.

आणि मुंग्या कुठल्या बोटांना येतात ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, करंगळी मात्र ठीक, असं असेल तर मनगटात मीडियन नस दबत असण्याची शक्यता जास्त. कार्पल टनेल म्हणतात ते. शुगर असलेल्यांत ते जास्त आढळतं. फक्त करंगळीकडे असेल तर कोपराजवळची अलनर नस बघावी लागते. तळपायही बधिर असतील तर शुगरचाच परिणाम असू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो एका हातात बसलेला दिसतोय का? तसं असेल तर थांबू नका. नक्की काय ते एनसीव्हीने, म्हणजे नसांच्या तपासणीने कळतं.

दोन्ही हात एकदम अवघडले आणि चालतानाही तोल जातोय असं झालं तर मानेतला मज्जारज्जू तपासायला लागतो. अंगावर न दुखणारा बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत.

युनिफॉर्मवाला (अशोक चौक)

आमचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे. नवीन बाई आली की आम्हीपण बघतो: सुईत दोरा ओव, पाच बटणं लाव. खरं सांगू, पहिल्या दिवशीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पोरी पंधरा दिवसांत कुठल्या कुठे जातात.

गंमत म्हणजे डॉक्टर लोक वापरतात त्यातला एक पेगबोर्ड कारखान्यासाठीच निघाला. पर्ड्यू पेगबोर्ड. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या जोसेफ टिफिन यांनी कामगार निवडण्यासाठी केला, १९४८ मध्ये तो छापून आला. बारीक पिना ३० सेकंदांत किती बसतात ते मोजायचं, आधी एकेका हाताने, मग दोन्ही हातांनी. शेवटी पिन, वॉशर, कॉलर, परत वॉशर अशी जुळणी एका मिनिटात. अम्मांच्या कामाला हे जवळचं वाटतंय मला.

पण जुना आकडा नाही असं का म्हणता? विडी कामगाराच्या पुस्तकात रोज किती माल दिला ते लिहिलेलं असतं की! मागच्या दोन-तीन वर्षांची पानं काढा आणि आत्ताची शेजारी ठेवा. त्यापेक्षा चांगली चाचणी कोण करणार?

हात_आणि_काम (मिरज)

हे मला सुचलं नव्हतं. पुस्तक डॉक्टरांकडे घेऊनच जा. बसण्याचे तास कमी-जास्त झाले असतील तर तेही सांगा, नाहीतर आकडा फसवेल.

घरकुलची_पोर (सोलापूर)

केलं दोन्ही. डोळे उघडे असताना अम्माने पाट साफ केला, वर मलाच “अजून काय उचलू?” विचारलं. डोळे मिटल्यावर रुपया आणि किल्ली सापडली, पण करंगळीने ओढून. सेफ्टी पिन हातात असूनही “अजून काही मिळालं नाही” म्हणायली होती. मी काही बोलले नाही, तिनेच डोळे उघडून बघितलं.

मुंग्या अंगठ्याकडच्या तीन बोटांना, करंगळी ठीक. तळपाय ठीक. पुस्तकात गेल्या उन्हाळ्यापासून माल उतरत गेलेला स्पष्ट दिसतोय, म्हणजे दिवाळीच्या बऱ्याच आधीपासून. तास तेवढेच, उलट हल्ली रात्री जेवण झाल्यावरही बसते.

एनसीव्हीची वेळ घेतलीय. तिची अट एकच, ब्रँचचा दिवस सोडून. तोवर मेडिकलवाला मनगटाचा पट्टा दाखवायलाय, तो विडी वळताना घालू का विचारतेय.

हात_आणि_काम (मिरज)

वळताना नको, मनगट अडेल आणि जोर बोटांवर येईल. रात्री झोपताना घालायचा, मनगट सरळ राहील असा, आवळून नाही. मेडिकलमधले काही पट्टे मनगट मागे वाकवून ठेवतात, ते घेऊ नका. आतली पट्टी सरळ आहे ना, ते दुकानातच काढून बघा. आणि एनसीव्हीला जाताना हाताला तेल-मलम काही लावू नका.